तिसरा मॅनिफोल्ड

आमच्या गाडीचा मॅनिफोल्ड दुसऱ्यांदा तडकला तेव्हा मी आमच्या ह्यांच्यावर जी ओरडले, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरून माझी आत्यासुद्धा ओरडली नव्हती. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली, म्हणाली, "काय झालं वो?" मी म्हटलं, "गाडी मेली आमची!" ती बिचारी हातातलं सूप तसंच ठेवून धावत आली.

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ट्रकच्या इंजिनातून निघणारा तापलेला धूर गोळा करून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, ढकलणारा बिडाचा, ओतीव लोखंडाचा, जाडजूड तुकडा. त्याला चीर पडली की धूर मध्येच फुसफुसतो, टर्बोला दम मिळत नाही आणि भरलेली गाडी चढाला लागली की जागीच रडायला लागते. आमची राजूर घाटात रडली. मलकापूरहून खताची पोती भरलेली, मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला आणि आमचे हे स्टेअरिंगला धरून घामाघूम. माल दुसऱ्या गाडीत हलवावा लागला. डोणगावात आम्ही पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली.

गाडी दोघा भावांची. त्यामुळे भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, ओसरीवर बसून निकाल दिला. आमच्याकडे भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत. मी दारात उभी असले तरी माझ्या वाटणीचं बोलणंही ह्यांच्याच तोंडावर येतं.

"थो भंगारवाला गुरुवारी येऊन राह्यला," भासरे म्हणाले. "त्याच्या आंधी एक खेप मार. खत भरून घाट एका दमात चढली तं ठेवू गाडी. नाही चढली तं देऊन टाकू. आन् तू त्या ठेकेदाराच्या गाडीवर लाग. सांग तिले, उगाच तोंड सोडू नको म्हना."

"मी कुठी तोंड सोडलं?" मी दारातून म्हटलं.

"हे पाय, सोडलंच," भासरे ह्यांना म्हणाले.

मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. दरवेळी गाडी दगा देणार आणि आपण तिला पोसत बसणार, हे किती दिवस चालायचं? मला झोंबलं ते ठेकेदाराचं. लग्नानंतरची पहिली वर्षं ह्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर काढली होती. मालक म्हणेल तेव्हा घरी यायचं. पोरगी झाली तेव्हा हे कुठल्यातरी गोदामापुढे नंबर लावून बसलेले. आपली गाडी आली आणि माणूस माझ्या घरात राहायला लागला. तो माणूस मला पुन्हा कुणाला द्यायचा नव्हता, बस्स.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर चिखलीला निघालो. फुटका मॅनिफोल्ड पोत्यात घालून माझ्या मांडीवर. मेहकरपर्यंत पाय बधिर झाले, चिखलीपर्यंत जीभ सोडून सगळंच.

पहिला फुटला तेव्हा ह्यांनी ज्याच्याकडून नवा नेला होता, त्याच दुकानदारानं तीन नग काढले. एक कंपनीच्या खोक्यातला. त्याची किंमत ऐकून मी तो खोक्यात परत ठेवायला लावला, उगाच सवय नको. दुसरा पाइप वाकवून, वेल्डिंग करून बनवलेला, आरशासारखा चकचकीत. ह्यांचे डोळे तिथंच अडकले. मोबाइलवर हे रोज बघत असतात ना, कुठल्या परदेशातले ट्रक, त्यांच्या नळ्या अन् त्यांचे आवाज!

"हा घेऊ," हे म्हणाले. "हलका हाये. आवाज बी कडक येते."

"आवाजावर पोती चढतात काय?" मी म्हटलं. "इथी वेल्डिंग पाहा, आतून भोक अर्धं बुजलं हाये. धूर निघन कुठून?"

तिसरा नग म्हणजे साधा ओतीव बिडाचा, करड्या रंगाचा, रूप ना रंग. लोकल माल, पण आम्हाला परवडेल असा. मी तो उचलून दुकानदाराच्या काचेच्या काउंटरवर पालथा ठेवला.

"ओ ताई, काच! काच हो!"

"तुमची काच सपाट हाये म्हनूनच ठेवला," मी म्हटलं आणि कोपरे दाबून पाहिले. डुगडुगला नाही. आठवडी बाजारात तवा घेताना मी हेच करते. डुगडुगणारा तवा आणि डुगडुगणारा नवरा, दोन्ही घरात ताप. मग लोखंडी पान्यानं टकटक करून पाहिलं. खणखणीत वाजला.

"हा द्या," मी म्हटलं. ह्यांचं तोंड लहान मुलासारखं उतरलं.

दुकानदार तेवढ्यात जुना नग उलटसुलट करत होता. "दादा, हा लयच लवकर गेला. दर खेपीले वरूनच कसा काय तडकते?"

मी पाहिलं. चीर वरच्या अंगाला होती आणि जिथून ती सुरू झाली होती तिथं काळपट लाल डाग होता. भाजून पक्का झालेला. कुंकू!

मला एकदम सगळं दिसलं. आमचे हे दर अमावस्येला गाडीची पूजा करतात. खेपेवरून आले की पाय धुवायच्या आधी बोनेट उघडायचं, तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी मारायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि नारळ फोडून त्याचं पाणी नेमकं मॅनिफोल्डवर सोडायचं. चर्र आवाज झाला, वाफ उठली की हात जोडायचे. देव पावला म्हणे! कंपनीचा नग त्यानंच गेला, दुसराही त्यानंच गेला, आणि आम्ही दोन्ही वेळा शिव्या दिल्या कारखान्यांना.

"तापल्या तव्यावर कोनी गार पानी टाकते काय वो?" मी दुकानातच कपाळाला हात लावला. "तुमीच फोडून राह्यले गाडी!"

"एवढ्याशा पान्यानं बीड फुटते काय?" हे गुरगुरले. दुकानदार म्हणाला, फुटते. ह्यांनी त्याच्याकडेही डोळे वटारले.

मिस्त्रीनं नवा नग बसवला, आणि खेपेच्या दिवशी मी केबिनमध्ये चढून बसले. "तू कायले?" हे म्हणाले. मी म्हटलं, "निघा." कारण कॅलेंडर मी पाहिलं होतं. अमावस्या होती.

मलकापूरला माल भरला, मोताळा मागे पडलं आणि घाटाच्या पायथ्याशी ह्यांनी गाडी बाजूला घेतलीच; एरवीची पूजा घरी, पण आज घाटाच्या आधीच देव हवा होता. बोनेट उघडलं. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात नारळ. मी उडी मारून मध्ये उभी राहिले.

"सरक."

"नाही सरकत. वतायचंच असन तं माह्या डोक्यावर वता."

"आजवर एक अमावस्या चुकवली नाही मी," हे म्हणाले, नारळ छातीशी धरून. "आन् आजच? आज गाडी जाऊन राह्यली हातची, आन् मी देवाले नारळबी नको देऊ?"

तेव्हा माझा राग गळाला. माणूस गाडी फोडत नव्हता, गाडी टिकावी म्हणून जिवाच्या आकांतानं मागत होता. मी हळू आवाजात म्हटलं, "नारळ द्या ना. चाकापुढं द्या. देवाले चाक दिसत नाही काय?"

ह्यांनी कॅन खाली ठेवला. मग खाली बसले, पुढच्या चाकाला कुंकू लावलं, रस्त्यावर नारळ फोडला, पाणी मातीत जाऊ दिलं. मी बोनेट लावलं.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर कान टवकारले. फटफट नाही, फुसफुस नाही, नुसती टर्बोची बारीक शीळ. जिथं मागच्या खेपेला मेली होती ते वळण आलं. ह्यांनी गिअर खाली घेतला, गाडीनं मान खाली घातली आणि चढली. अरे, काय चढली! एक रिकामा टेम्पो पुढे रखडत होता, त्याला मागे टाकून चढली! वर बुलढाण्याची घरं दिसली तसे हे खिडकीबाहेर डोकं काढून ओरडले, "चढली बे, चढली!" मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. डोळ्यांतलं पाणी कुणी पुसलं नाही.

"भाऊले फोन लाव," हे म्हणाले. मी म्हटलं, कशाला, तुमचं ओरडणंच ऐकू जाईल की.

डोणगावात खत उतरवून गाडी अंगणात वळवली तेव्हा ओसरीवर तो भंगारवाला बसलेला, एक दिवस आधीच. हातात कपबशी. भासरे उठून गाडीपाशी आले. इंजिन सुरूच होतं. बोनेटवर हात टेकवून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"थांबली कुठी?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"पायथ्याशी. नारळाले."

"वर?"

"वर नाही."

भासरे ओसरीकडे वळले. "गाडी इकाची नाही."

"मंग मले काऊन बोलावलं?" भंगारवाला म्हणाला.

"चहा प्याले," भासरे म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबून आत पळाले आणि चुलीपुढे पोट धरून हसले. बाहेर हे हात-पाय धुऊन आले, न विचारता ताट ओढून बसले आणि म्हणाले, "वाढ." मी वाढलं. माझ्या घरचा माणूस माझ्या घरात जेवत होता.