मुकादमांनी खाल्लेला विडा

मुकादमांचा आवाज इतका मऊ, की ऐकूनच मला धडकी भरायची. अंगणात उभे राहून ते हाक मारत, "अक्का, तुकाराम हाय का घरात?" आणि माझी भाकरी तव्यावर वाकडी पडे. तुकाराम माझा नवरा. अणशीच्या रानातलं चोरटं सागवान तो ट्रकातून रामनगरकडे न्यायचा. आता सांगून टाकायला कसली लाज! तेव्हा मात्र जीव टांगणीला असायचा.

टोळीत पायऱ्या ठरलेल्या होत्या. सगळ्यांत वर धनी, खाली मुकादम, मग गाडीपुढे चालणारा वाटाड्या, मग ड्रायव्हर, शेवटी कापणारे आणि उचलणारे. पंगतीलाही याच क्रमाने बसत. मुकादम मोबाइल कधी आणत नसत. "घरी झोपवून आलोय त्याला," म्हणत. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "धनी कधी सापडत न्हाई, अक्का. सापडतो वाटाड्या. त्यानं तोंड उघडायचं न्हाई, येवढंच काम."

आणि वाटाड्या सापडलाच. रिकाम्या जागेवर तुकाराम येणार, असं ठरलं. धनी भरपंगतीत विडा द्यायचे. तो ज्याने खाल्ला त्याची ती पायरी. आमचे येडे महाराज खूश, बढती म्हणे! मला सातवा महिना. मी मुकादमांचे पाय धरले.

"विड्याला न्हाई म्हणायची रीत न्हाई आमच्यात," एवढंच म्हणाले ते आणि उठून गेले.

सोमवारी दुपारी पंगत बसली. मी भात वाढत होते. धन्यांनी दिलेला विडा ताटलीत घेऊन मुकादम तुकारामसमोर आले. त्याने हात पुढे केला. मुकादमांनी विडा उचलला आणि आपल्याच तोंडात टाकला.

"चुकलं, धनी. म्हातारपण."

"मग चाल तूच पुढं," धनी म्हणाले. खाली उतरलेला माणूस तिथे पुन्हा वर चढत नसे. मुकादम खालच्या पाटावर जाऊन बसले.

"माझी बढती खाल्ली म्हाताऱ्यानं!" तुकाराम आठवडाभर धुमसत होता. महिन्याभरात दिग्गीच्या वाटेवर मुकादम पकडले गेले. त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. तेव्हा कुठे नवऱ्याचे डोळे उघडले. त्याने ट्रक सोडला.

लेकीला घेऊन मी तुरुंगात भेटायला गेले. मुकादमांनी पोरीकडे डोळे भरून पाहिलं.

"तुकाराम आता कुणाच्या हाताखाली हाय?"

"कुणाच्याच न्हाई, मामा. जीप घेतलीया. उळवीला देवदर्शनाची माणसं नेतो."

ते जाळीला कपाळ टेकून उभे राहिले.

"माझ्या तरणेपणी माझा विडाबी असाच कुणीतरी खायला पायजे होता गं," म्हणाले.