पगारे मास्तरांचा सुती दोरा

शरणपूर रोडला शांतवन पगारे मास्तरांचं शिवणाचं दुकान आणि माझं बटण-दोऱ्याचं दुकान, मध्ये एकच भिंत. १९९० साली मास्तरांनी दारावर पाटी लावली : ‘टेरीकॉट शिवून मिळणार नाही.’ तेव्हा शाळेची पोरं, बँकेतले साहेब, एसटीचे कंडक्टर, सगळं नाशिक टेरीकॉटमध्ये, म्हणजे सूत-पॉलिस्टरच्या मिश्र कापडात, वावरत होतं. पण बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात म्हणे लिहिलंय, की दोन जातींच्या सुतांचं कापड अंगावर घालू नये. हजारो वर्षांपूर्वी वाळवंटात निघालेला हुकूम मास्तरांनी थेट शरणपूर रोडला लागू केला.

त्याच शास्त्रात आणखीही बरंच आहे. खवलं नसलेलं पाण्यातलं काही खाऊ नये, हेही आहे. मास्तरांच्या डब्यात दर बुधवारी सुकट असायची. मी विचारलं तर म्हणाले, “ते समुद्रकाठच्या लोकांसाठी होतं, झुंबरशेठ. नाशकात समुद्र कुठंय?” दाढीच्या कडा कापू नयेत, असंही आहे. मास्तर दर शनिवारी गुळगुळीत. “रविवारी देवासमोर जायचं, तर असं झिपरं कसं जाणार?” एकंदरीत, जे नियम गिऱ्हाइकाने पाळायचे त्यांच्यावर मास्तरांची श्रद्धा अढळ होती.

राहता राहिला दोरा. दर सोमवारी मास्तर यायचे आणि म्हणायचे, “सुती दोरा द्या.” सुती दोरा मी ठेवतच नव्हतो. तो मशीनवर सारखा तुटतो, कोण घेणार? मी पॉलिस्टरचं रीळ पुढे करायचो. मास्तर दोरा बोटांना गुंडाळून एक हिसका द्यायचे. तुटायचा नाही. मग खूश होऊन जायचे. शिंप्याला दोरा कळत नाही असं होईल का? पण ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. अशी तेरा वर्षं गेली.

२००३ च्या एप्रिलमध्ये मास्तरांच्या प्रतिभाचं लग्न ठरलं, पुढच्याच महिन्यातलं. मुलगा कुंदन, मनमाडला रेल्वेत. वडील वारलेले. नवरदेवाचा सूट मुलीकडच्यांनी करायचा, आणि मुलीचा बाप स्वतःच शिंपी, म्हणून कुंदनची आई वत्सलाबाई कापड घेऊन आल्या. राखाडी, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येणारं.

“ह्यांनी जायच्या आधी घेऊन ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पोरगा लग्नात हेच घालील म्हनले.”

मास्तरांनी कापड चिमटीत चोळलं. “टेरीवूल आहे, लोकरीत पॉलिस्टर. मी शिवणार नाही. शुद्ध लोकरीचा सूट शिवून देतो.”

मे महिन्यात. मनमाडात. शुद्ध लोकर.

वत्सलाबाईंनी कापड टेबलावरच ठेवलं. “माझ्या मालकानं घेतलेलं कापड तुम्हाला पाप वाटतं, तर तुमची पोरगी आम्हाला नको. रविवारपर्यंत काय ते कळवा.”

प्रतिभा माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. मला मास्तरांचा असा राग आला की दुकानात घुसून ती पाटी त्यांच्याच डोक्यात घालावी. पण मी मिठाची गुळणी धरून बसलो. जुनं गिऱ्हाईक ना माझं! माझीही श्रद्धा अढळच.

शनिवारी दुपारी प्रतिभा माझ्या दुकानात आली. “काका, पप्पांना देता ते रीळ द्या. आणि जरा चला माझ्याबरोबर.”

मास्तर पाद्रीसाहेबांचा सुती सदरा शिवत होते. प्रतिभाने समोरची एक सुती चिंधी काडीने पेटवली. तिची राख झाली. मग तिने दोऱ्याचं टोक पेटवलं. ते आक्रसलं, वितळलं आणि टोकाला काळा मणी जमला. तो मणी तिने टेबलावर बापासमोर ठेवला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“तुम्हाला माहीत होतं,” प्रतिभा म्हणाली. “शिवण उसवू नये म्हणून हा दोरा तुम्हाला चालतो, पप्पा. माझं लग्न मोडू नये म्हणून ते कापड चालत नाही?”

मास्तरांनी पाद्रीसाहेबांचा सदरा बाजूला सारला. मग उठले, राखाडी कापड उलगडलं आणि कानावरचा खडू हातात घेतला.

“कुंदनला मापाला बोलाव,” ते म्हणाले. प्रतिभा रडतच फोन करायला पळाली. मास्तर माझ्याकडे वळले. “झुंबरशेठ, राखाडी दोरा द्या.”

मी सवयीने विचारलं, “सुती?”

“पॉलिस्टरचा,” मास्तर म्हणाले. “टिकला पाहिजे.”