वाचला, म्हणजे किती वेळ?

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं मी नक्की काय शिकतो हे घरातल्या कुणाला सांगता यायचं नाही. विषय होता संख्याशास्त्र. कागलच्या पलीकडं आमचं गाव, तिथं वडील अभिमानानं सांगायचे, "पोरगं कोल्हापुरात आकडे शिकतंय." ते सत्तरच्या दशकातले दिवस. आकडा म्हणजे मटका, एवढंच लोकांना ठाऊक. ऐकणारा माणूस वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे, सुधारंल."

शेवटच्या वर्षाला असताना आमच्या प्राध्यापकांनी मला राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले, हृदयाचे. बंद पडलेलं हृदय छातीवर दाब देऊन पुन्हा कसं सुरू करता येतं, यावर ते संशोधन करत होते आणि त्यांना एक आकडेवाला हवा होता. संध्याकाळी बसायला टेबल आणि वर पंखा मिळणार होता. माझ्या खोलीत दोन्ही नव्हतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "म्हंजे मेलेली माणसं मोजायची?"

"जगलेली पण मोजायची, आई."

"त्यांस्नी कशाला मोजतोस? ती हायतच की."

मी ताट पुढं ओढलं.

डॉक्टरांचं संशोधन खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. तोवर आमच्याकडं हृदय बंद पडलं की डॉक्टर घड्याळ बघायचे, नातेवाईक डॉक्टरांकडं बघायचे आणि कंपाउंडर रिक्षा बघायला जायचा. आमच्या डॉक्टरांनी नर्सेसना आणि वॉर्डबॉयना शिकवलं, की अशा वेळी घड्याळ बघायचं नाही. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध ठेवायचा, कोपर ताठ करायचं आणि दाबत राहायचं. सराव कापसाच्या गादीवर चालायचा. गादीला हाडं नसतात म्हणून अधूनमधून मला झोपवायचे. "हलका हात ठेवा रे, हा ग्रॅज्युएट व्हायचाय," असं डॉक्टर म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, छाती मात्र दोन दिवस दुखायची.

विजेचा झटका देऊन हृदय सुरू करायचं एक यंत्रही त्यांनी आणलं होतं. डॉक्टरांच्या बाईंनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि त्यावर फुलदाणी ठेवली होती. पाहुणे आले की फुलदाणी बाजूला ठेवून झाकण काढलं जायचं. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची. यंत्राला काम करताना मी एकदाही पाहिलं नाही. हृदय बंद पडायची आणि लाईट जायची वेळ आमच्या दवाखान्यात बहुधा एकच असायची.

माझं काम सोपं होतं. ज्याचं हृदय थांबलं त्याच्यावर किती लवकर दाब देणं सुरू झालं आणि पुढं काय झालं, त्याचा तक्ता करायचा. तक्त्यात शेवटी दोनच रकाने: वाचले आणि गेले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मानेला नाडी लागली, ब्लडप्रेशर धरलं, की तो वाचला."

"आणि नंतर, सर?"

"नंतरचं नंतर. आपला अभ्यास हृदय सुरू होण्याचा आहे."

मी मान डोलावली. विलायतेत शिकलेल्या माणसाला 'नंतर' म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

मी राहायचो त्या गल्लीत माझ्या खोलीला लागून एका क्लॅरिओनेटवाल्याचं घर होतं. लग्नाच्या बँडमधले ते मुख्य वादक. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला चाची. लग्नसराई नसली की चाचा दारात बसून वाद्याच्या पट्ट्या पुसत राहायचे आणि मला विचारायचे, "काय कालेजवाले, आज किती मेले?"

चाचांना एकच भाऊ, धाकटा, निपाणीत तंबाखूच्या व्यापारात. दोघांचं बोलणं बंद होतं. वडिलांचं क्लॅरिओनेट धाकट्यानं मागितलं, तेव्हा चाचा त्याच्या सासरच्या माणसांसमोर म्हणाले होते, "ज्याला फुंकता येत न्हाय, त्यानं ते घेऊन काय लाटणं करायचंय?" तेव्हापासून धाकटा यायचा बंद झाला. मधे एका ईदला चाचीनं 'भाऊ सीरियस' अशी खोटी तार करून त्याला बोलावलं होतं. तो धावत आला, तर भाऊ दारात बसून शीरखुर्मा खात होता. तो तसाच उलट पावली परत गेला. त्यानंतर चाचांनी भावाचं नाव काढलं नाही, पण निपाणीची एस.टी. गल्लीच्या तोंडावरून गेली की त्यांचं बोलणं क्षणभर तुटायचं.

एका दुपारी चाचांच्या छातीत कळ आली. बँडवाल्यांनी त्यांना रिक्षात घालून आमच्याच दवाखान्यात आणलं, आणि खाटेवर ठेवता ठेवता त्यांचं हृदय थांबलं. लाईट अर्थातच नव्हती. क्रोशाच्या झाकणाखाली यंत्र शांत होतं. डॉक्टर स्वतः खाटेवर चढले. मी दारात उभा होतो. माणसाची छाती इतकी खाली जाते हे मी गादीवर कधी बघितलं नव्हतं. बरगडी मोडल्याचा आवाज आला, डॉक्टरांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला, पण ते थांबले नाहीत. आणि मग चाचांनी घशातून एक आवाज काढला, बेसूर, त्यांनी आयुष्यात कधी काढला नसेल असा. नाडी लागली.

त्या क्षणी डॉक्टर मला देवासारखे वाटले. आजही त्या दाबण्याची चेष्टा माझ्याकडून होत नाही.

डॉक्टर बाहेर आले. चाची भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "वाचला."

चाचीनं त्यांच्या पायाला हात लावला. बँडवाल्यांपैकी कुणीतरी पेढे आणायला पळालं. डॉक्टरांनी पेपरच्या बातमीदाराला फोन लावला.

संध्याकाळी चाचा शुद्धीवर आले. मी खाटेजवळ होतो. तुटक बोलत होते. चाचीचा हात धरून म्हणाले, "त्याला बोलीव."

"कुणाला?"

"निपाणीला."

चाची त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "आता कशाला? डाक्टर म्हनाले, वाचला. चांगले बरे व्हा, हिंडाया फिराया लागा. मग आपून दोघं जाऊ, मानानं. खाटंवर पडून बोलीवलं तर पुन्यांदा म्हनंल नाटक करत्यात."

ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. वाचलेल्या माणसाला घाई कसली? चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा "निपाणी" म्हणाले. चाचीनं पुन्हा "जाऊ, जाऊ" म्हणून त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. दुपारी हृदय परत थांबलं. या वेळी कितीही दाबलं तरी सुरू झालं नाही.

चाचीनं निपाणीला तार केली आणि दफन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबवलं. सकाळच्या गाड्या येऊन गेल्या. शेवटी जाणत्या माणसांनी सांगितलं, आता थांबवणं बरं नव्हे. आम्ही चाचांना पोचवून आलो.

आणि त्याच सकाळी, एक दिवस उशिरानं, पेपरात बातमी आली: मृत्यूच्या दाढेतून क्लॅरिओनेटवादक वाचला. सोबत डॉक्टरांचा फोटो, झाकण काढलेल्या यंत्राला टेकून. लवकरच मुंबईच्या परिषदेत डॉक्टर आपला निबंध वाचणार आहेत, असंही खाली होतं.

दफनाहून परतलो तर चाचांच्या दारात तीन माणसं उभी होती. लग्नाची सुपारी द्यायला आली होती. "पेपरात वाचलं, बरं वाटलं बघा," त्यातला एक म्हणाला. "पावणं कुठं हाईत? आराम करत्यात व्हय?"

दुपारी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक आडदांड माणूस मोसंबीची पिशवी घेऊन उभा होता. नाक चाचांचंच होतं. मला काही बोलायचं सुचायच्या आत तो आत घुसला. मी मागोमाग गेलो.

"डाक्टर, भावाला बघाया आलोय. कुठल्या खोलीत ठिवलाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

"तुम्हाला तार मिळाली नाही का?" डॉक्टर म्हणाले.

"मिळाली की. आमची वहिनी असल्या तारा लई करती. पर आज पेपरात आलंय न्हवं, वाचला म्हणून? म्हटलं, वहिनी खोटं बोलंल, डाक्टर कशाला बोलंल? म्हणून बाजार आवरून निवांत आलो."

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "ते वाचले होते."

"व्हते म्हंजे?"

"म्हणजे वैद्यकीय अर्थानं वाचले होते. हृदय पूर्ण सुरू झालं होतं. नंतर जे झालं तो निराळा..." पुढचा शब्द त्यांना इंग्रजीत आठवत असावा. मराठीत आला नाही.

त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग हळू आवाजात विचारलं, "बोलत व्हता का मधी?"

डॉक्टर समोरचे तक्ते चाळू लागले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "होय. तुम्हाला बोलवा म्हणाले होते. दोनदा."

"मग बोलीवलं का न्हाय?"

"डॉक्टर म्हणाले होते, वाचला."

त्यानं मोसंबीची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, तक्त्यांच्या वर. "तुम्हीच खावा," तो म्हणाला. "तुमचा पेशंट वाचलाय."

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी पेपरला खुलासा पाठवला. तो दोन दिवसांनी छापून आला, आतल्या पानावर: 'आमच्या वृत्तात "वादक वाचला" असे अनवधानाने छापले गेले. त्या जागी "निबंध वाचला जाईल" असे वाचावे.' मी तो मुद्दाम मोठ्यानं वाचला, डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून. डॉक्टर हसले नाहीत. मीही हसण्यासाठी वाचला नव्हता.

मग मी माझ्या आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. म्हणालो, "सर, चाचांना कुठल्या रकान्यात घालू?"

"सांगितलंय ना, वाचले."

"सर, मी त्यांना माती देऊन आलोय."

"तू संख्याशास्त्राचा आहेस. मला मराठी शिकवू नकोस."

"संख्याशास्त्राचंच विचारतोय, सर. वाचला, म्हणजे किती वेळ? आपण एक रकाना वाढवू या. हृदय सुरू झालं हा एक, आणि चालत घरी गेला हा दुसरा."

"घरी गेले किती, हे ठाऊक आहे ना तुला?" डॉक्टर म्हणाले. ठाऊक होतं. त्या रकान्यासाठी फार रुंद जागा लागली नसती.

त्यांनी मला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नको म्हणतील, असं मला वाटलं. पण आठवड्याभरानं तक्ता टाईप होऊन आला, त्यात तीन रकाने होते. मुंबईला निबंधाचं कौतुक झालं म्हणे. कुण्या मोठ्या डॉक्टरांनी विशेष शाबासकी दिली ती त्या जादा रकान्याला, आणि ही कल्पना आपल्याला एका पहाटे फिरताना सुचली, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या दवाखान्यात पहाटे फिरायचं ते फक्त मांजर.

पण एक गोष्ट बदलली, तीही सांगायला हवी. त्यानंतर उचगावचा एक गृहस्थ आला. त्याचंही हृदय थांबलं, डॉक्टरांनी दाबून सुरू केलं. बाहेर नातेवाईकांची गर्दी. डॉक्टर आले, तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडं रागानं बघितलं आणि म्हणाले, "हृदय सुरू झालंय. राहील का सांगता येत नाही. त्यांना ज्याला भेटवायचं असेल त्याला आत्ता बोलवा."

थोरला मुलगा एकदम भडकला. "काय वो डाक्टर, शुभ बोला की जरा! दुसऱ्या दवाखान्यात असतो तर सरळ वाचला म्हणाले असते." दोघाचौघांनी त्याला दुजोरा दिला. पेशंटला हलवायचं का, यावर तिथंच वाद सुरू झाला. डॉक्टर हताश होऊन आत गेले.

त्या गर्दीतून पेशंटची धाकटी सून बाजूला झाली. पदर सावरत माझ्याजवळ आली. "भाऊ, तार कुठं करायची? आमचं धनी पुण्याला असत्यात. लष्करात."

मी तिच्याबरोबर गेलो. तार ऑफिसात बाबूनं नेहमीच्या सवयीनं लिहायला घेतलं, 'फादर सीरियस'. मी त्याला थांबवलं. त्या शब्दावर आता कुणाचा विश्वास राहिला नाही, हे मला निपाणीनं शिकवलं होतं.

"मग काय लिहू?" बाबू वैतागून म्हणाला.

मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "जे हाय ते लिवा."

मी सांगितलं, बाबूनं लिहिलं: हृदय सुरू आहे. आज या.