एकाच सुईचा ढोल

पाच मनगटं माझ्या टेबलावर टेकली होती आणि पाचांवरही एकसारखा, ताजा ढोल गोंदलेला होता. आमच्या ढोलपथकाच्या रक्तदान शिबिरात मी अर्ज भरून घेत होते.

"टॅटूला वर्ष झालं नसेल तर रक्त देता येत नाही," मी म्हणाले.

"पण मावशी, सुई नवी कोरी होती," ताशा वाजवणारी सायली म्हणाली. "आमच्यासमोर पाकीट फोडलं."

"पाच पाकिटं?"

"एकच. मुद्दाम. पथक एक, म्हणून सुई एक. सगळे आपलेच तर होते!"

माझं डोकंच फिरलं. "आपल्या माणसाच्या रक्तात कावीळ नसते का गं? एचआयव्ही नसतो?"

एकमेकांकडे बघता बघता प्रत्येकाने आपलं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं. आता तपासणी, मग काही आठवडे वाट, मग पुन्हा तपासणी. तोवर ज्याच्यावर जीव टाकायचा, त्याच्याकडेच संशयाने बघायचं. सुटून जायचं तरी कुठे? खूण कातडीतच बसलेली.

अर्ज पुढे सरकवताना माझी बाही वर गेली. हातावर तुळशीचं जुनं गोंदण आहे. लहानपणी जत्रेत आत्याने गोंदवलेलं. गोंदणारीसमोर आमच्या भावकीतल्या बायकांची रांग होती, आणि सुई एकच.

सायलीने ते पाहिलं. "मावशी, तुम्ही कधी तपासून घेतलंत?"

मी झटकन बाही खाली ओढली. "अगं, सगळ्या घरच्याच होत्या," मी म्हणून गेले.