तांदळात लिहिलेलं नाव

मार्गशीर्ष वद्य तृतीया, बुधवार, सकाळी दहा, दादाचा अंत्यविधी. मणिकर्णिकेवर हजर: दादाचे दोन्ही मुलगे, त्याच्या रेल्वे ऑफिसातले चौघे, गुरुजी आणि, सगळे नको म्हणत असतानाही, मी. वहिनी घरी. आमच्याकडे याद्या, निरोप, दादाच्या गाण्यांच्या प्रती, सगळं माझ्याच हातचं.

दादा गाणी रचायचा. शब्द मराठी, चाल कजरीची, इकडच्या श्रावणातल्या गाण्यांची. बनारसच्या मराठी घरांत मंगळागौर आली की प्रत मागायला कुणीतरी यायचंच. पूर्वी प्रत्येक नवी ओळ तो आधी मला ऐकवायचा. मग संकठा घाटावर त्याला मथू दिसली. कळशी घेऊन वर येताना ती पायऱ्या मोठ्याने मोजायची, दम लागला की मधलाच आकडा लांबवायची... त्या मोजणीवर दादाने चाल बांधली आणि मला ऐकवली दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी तिला ऐकवून झाली होती.

लग्नात नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं होतं. मी पाच नावं काढून दिली होती. दादाने अंगठीने लिहिलं, मथू.

“अहो, हे तर जुनंच!” गुरुजी म्हणाले.

“मला हेच पाठ आहे.”

“झालं! आत्तापासूनच बायकोचा गुलाम,” मावशी म्हणाली. मांडव हसला. मी हसले नाही.

इथे गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणारा आपलं नाव घालतो; दादा मथूचं घालू लागला. गाणी पूर्वीपेक्षा चांगली होत होती. ते सगळ्यांत आधी मला कळत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. एका प्रतीत मी मथूच्या जागी ‘सखी’ लिहिलं. चालीत चपखल बसलं. मग सगळ्याच प्रतींत लिहिलं.

एकदा दादाच्या हाती प्रत लागली. “मथूला संकोच वाटतो का गं? तिने सांगितलं बदलायला?” मी मान डोलावली. पुढे तोही गाताना घरात मथू म्हणायचा आणि बाहेर सखी.

तेराव्याला शेजारच्या मुलींनी आठवण म्हणून त्याचं एक गाणं म्हटलं. वहिनी माझ्याजवळ सरकली.

“वन्सं, एक बात विचारू? घरात मथू, चार लोकांत सखी. इतकी वर्षं. ह्यांना माझी शरम वाटायची का हो?”

“चहा टाकते,” म्हणून मी उठले.

आता महिना झाला. दादाचे कपडे देऊन झाले, पेन्शनचे कागद गेले, घरातल्या सगळ्या प्रतींत मथू पुन्हा लिहून झाली. दादाच्या आठवणींचा हा लेख मासिकात छापून आला की वहिनी वाचेलच. त्याआधी माझ्या तोंडून तिला कळायला हवं. सकाळपासून दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा तिने वर पाहिलं. “काही हवंय का, वन्सं?”

“नाही,” मी म्हणाले.