पालथ्या हाताची परीक्षा

आता पांढुर्ण्यात अन् सौसरात कूलर एकाच रीतीनं तपासतात. ओल्या फरशीवर, मीटर लावून, प्लगच्या तिन्ही पिना शाबूत ठेवून. या परीक्षेत जो कूलर पास होईल त्याचीच पावती फाटते, नाही झाला तर माल परत. कोणी म्हणेल, एवढीशी गोष्ट, दोन दुकानदार बसले असतील चहा घेत अन् ठरवली असेल. अशी ठरली नाही. ठरेपर्यंत किती डोकी अन् हाडं फुटली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यातली दोन डोकी मीच फोडली.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौसरचं. नवरा शाळेत मास्तर आहे अन् बल्ब-पंख्यांचं दुकान मी चालवते. पांढुर्ण्यात माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पत्रा कापून कूलर बनवतो. गिऱ्हाईकानं कूलर पसंत केला की तो टाकीत पाणी सोडायचा, बटण दाबायचा अन् उजवा हात पालथा करून पत्र्याला लावायचा. "पाहा भाऊ, काई लागते का?" गिऱ्हाईकही पालथा हात लावून पाहायचं. झाली परीक्षा. पालथाच हात का, तर करंट लागला की पंजा आवळतो. सरळ हात लावला तर तो पत्रा धरूनच बसतो, पालथा झटका खाऊन मागं येतो. आमच्याकडं हे लहान लेकरालाही माहीत असतं.

ते पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुकानात रबराची चटई, फरशी कोरडी ठण्ण, पायात सगळ्यांच्या चपला. घरी बाई कूलरमध्ये पाणी ओतते ती अनवाणी, ओल्या फरशीवर. मी त्याला म्हटलं, "दादा, ही तुह्या चटईची परीक्षा होऊन राहिली, कूलरची नाई." तो म्हणाला, "तू तुहं सौसर सांभाळ." सौसरात मी फरशीवर बादली ओतूनच पत्र्यात करंट उतरतो का ते पाहायला मीटर लावायची, अन् त्याच्याकडून विकायला आणलेले, त्याच्याकडं पास झालेले कूलर माझ्याकडं धडाधड नापास व्हायचे. म्हणून त्यानं मला माल देणंच बंद केलं.

त्यात मार्काचं निघालं. बिनमार्काच्या वस्तू विकायच्या नाहीत, असा वरून हुकूम आला. मार्क म्हणजे वस्तू प्रयोगशाळेत ठरलेल्या एकाच मापानं तपासलेली, मग ती कुठंही बनो. दादा मात्र कूलरच्या पाण्यात बसवायचे पंप सुटे, बिनमार्काचेच आणायचा. वर हिरवी तार कापायचा. करंट फुटला तर तो जमिनीत नेते ती हीच तार. पण आमच्याकडच्या अर्ध्या घरांत अर्थिंगच नाही, बोर्डाला दोनच भोकं. लोक स्वतःच म्हणायचे, दोन पिनांचा प्लग लावून द्या. दादा मला म्हणे, "घरात अर्थिंग नाई, त हिरवी तार काय लोणच्यात घालतीन?" सगळे हसायचे. मलाही एकदा हसू आलं होतं.

उन्हाळा लागायच्या आधी दोन्ही गावांच्या दुकानदारांची बैठक पांढुर्ण्यात झाली. मी म्हटलं, मार्क आला तर आता परीक्षाही दोन्हीकडं एकच ठेवा, माझ्याकडं मीटर आहे, शिकवते. एक जाडा दुकानदार म्हणाला, "बाई, तुमी घरी मास्तरची परीक्षा घ्या." माझ्या हातात तीन पिनांचा पितळी प्लग होता. तो मी त्याच्या कपाळावर हाणला. रक्त भुवईवरून थेट शर्टात उतरलं. दादानं मला दंडाला धरून बाहेर ओढत नेलं अन् भर रस्त्यात थोबाडीत मारली. वय काय आमचं, अन् मारतो काय. मीही त्याच्या मनगटाला चावले. बैठक तिथंच मोडली, अन् आमचं बोलणंही.

मग ऐन वैशाखात एका सकाळी सौसरच्या सरकारी दवाखान्यासमोर गर्दी दिसली. माझं दुकान तिथून जवळच. रामाकोना गावची एक मजूर बाई आणली होती, मेलेली. नवरा-बायको दोघं संत्र्याच्या बागेत तोडणीला जायचे, या वर्षी पहिल्यांदाच कूलर घेतला होता. ती पाणी टाकायला गेली अन् कूलरला चिकटली. गर्दीतला एक जण म्हणाला, "पांढुर्ण्याचा कूलर होय. गाडीत टाकून परत तिकडेच नेला तिच्या घरच्याइनं. आज त्या दुकानदाराले सोडत नाई ते." पांढुर्ण्यात पत्र्याचे कूलर बनवणारा आमचा दादाच.

दादाला फोन लावला. म्हटलं, शटर पाड अन् निघ तिथून. तो म्हणाला, "मी कायले पळू? गिऱ्हाइकासमोर हात लावून देल्ला होता कूलर." पोलिसांना फोन केला, भाड्याची गाडी केली अन् निघाले. जामसांवलीचा फाटा आला तेव्हा मारुतीला हात जोडले अन् दुसऱ्याच क्षणी दादाला शिव्या घातल्या. काहीही होवो, भाऊ जिवंत सापडू दे, एवढंच डोक्यात होतं.

पोहोचले तर दुकानाची काच रस्त्यावर होती. आत दहा-बारा माणसं, काहींच्या हातात काठ्या. पंखे आपटून आपटून वाकवले होते. दादाचा ओठ फाटून लोंबत होता, एक डोळा मिटला होता, अन् मेलेल्या बाईचा दीर त्याची मान धरून त्याला भिंतीवर आदळत होता. मधोमध तो कूलर. मी आत घुसले तर कोणीतरी माझे केस धरले अन् दोन्ही हात मागं पिळले.

"परीक्षा करतं ना तू? आता आमच्यासमोर कर," दीर म्हणाला. चटई ओढून बाहेर फेकली. दादाच्या चपला काढल्या. फरशीवर बादली ओतली, टाकी भरली, प्लग दुकानाच्याच बोर्डात खोचला. दादानं सवयीनं हात पालथा केला, तर दीरानं बोटांवर काठी मारली. "पालथा नाई. माह्या वहिनीचा पंजा सुटला नाई. सरळ लाव."

मी ओरडले, "मेन बंद करा, मरते तो." मेन स्विच गर्दीच्या पलीकडं. माझा खांदा कटकन वाजला, तरी ते सोडेनात. अन् दादा काय म्हणाला? रक्त थुंकला अन् म्हणाला, "लावतो. माह्या मालात खोट नाई." हे तो भीतीपोटी म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. उभा जन्म त्यानं त्या हातानं कूलर पास केले होते, अन् त्या हातावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्यानं पंजा उघडून पत्र्यावर ठेवला.

दादा ताठ झाला. दात करकरले, मानेच्या शिरा वर आल्या, तोंडातून घुर्र असा आवाज निघायला लागला. बोटं पत्र्यात रुतल्यासारखी आवळली. एवढा वेळ ओरडणारी माणसं मागं सरकली. दीरसुद्धा.

तेवढ्यात गर्दीतून एक वाळका माणूस पुढं आला. मेलेल्या बाईचा नवरा, हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. त्यानं दोन्ही हातांनी काठी उचलली अन् दादाच्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं मी ऐकलं. हात सुटला नाही. त्यानं पुन्हा घातली, पुन्हा घातली, तेव्हा दादा सुटून पाण्यात कोसळला. मला एवढंच दिसलं की हा माझ्या मरत्या भावाला ठेचून राहिला. पकड ढिली झाली होती. मी हिसडा मारला, काउंटरवरचा पाना उचलला अन् त्या माणसाच्या डोक्यात घातला. तो तिथंच बसला. मग त्याची माणसं माझ्यावर पडली अन् पोलीस आले तोवर माझ्या दोन बरगड्या गेल्या होत्या.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात दादाला आत घेतलं होतं. त्याच्या छातीवर दाबून दाबून डॉक्टरांनी श्वास परत आणला, असं नर्स सांगून गेली. बाहेर बाकावर मी, मधे पोलीस, अन् पलीकडं तो माणूस, डोक्याला टाके घातलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मरणाऱ्या माणसाले मारतं? लाज नाई वाटत तुले?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, त्याचीच मला चीड आली.

"मारून नोतो राहिलो, बाई," तो म्हणाला. "सोडवून राहिलो होतो."

तो सांगत गेला.

"सकाळी तिले मी हातानंच ओढलं. करंटनं मले फेकून देल्लं. मंग पुन्हा हात लावाले भेलो. उभा राहिलो, पाहत राहिलो." त्यानं डोक्याच्या पट्टीला हात लावला, रक्त आलं का ते पाहिलं. "काठी मारून सोडवा लागते, हे मले डॉक्टरनं तिथं सांगतलं. ती गेल्यावर."

मग त्यानं दाराकडं मान वळवली अन् विचारलं, "वाचते का तुमचा भाऊ?"