ओतिलियाचे पंख

फिदेन्सियोइतका हट्टी कुंभार मेक्सिकोतल्या आमच्या वाहाकाच्या डोंगरात दुसरा सापडायचा नाही. मी त्याच्या पोरीची, ओतिलियाची, धर्माची आई; त्या नात्याने मी त्याची कोमाद्रे, तो माझा कोम्पाद्रे. म्हणून बोलते, आणि बोलणारच.

सहा वर्षांची पोर तापात गेली. लहान मूल गेलं की देवदूत होऊन वर उडतं म्हणतात, म्हणून रीतीप्रमाणे मीच तिला पांढरा झगा घातला, कागदाचे पंख लावले. तिच्या आईला, एर्मेलिंदाला, बजावलं, "रडू नकोस गं बाई. तुझ्या आसवांनी पंख भिजले तर वर कशी जाईल ती?" सगळ्या म्हणतात, तसंच मीही म्हणाले. पण त्या बाईने चार वर्षं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही! केस गळले, छातीत कळा यायला लागल्या. तव्यावरची तोर्तिया उलटता उलटता मध्येच मटकन खाली बसायची.

फिदेन्सियोच्या रक्तात साखर निघाली. आमच्याकडे म्हणतात, साखर धसक्याने होते. हा त्यावरच अडून बसला. दवाखान्यातल्या गोळ्या आणायचा आणि फडताळावर ठेवून द्यायचा. यंदा पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, आता गोळ्या घेतल्या नाहीत तर आधी पाय जाईल, मग तुम्ही.

मी तणतणत त्याच्या घरी गेले. "कोम्पाद्रे, अक्कल काय भट्टीत भाजायला घातलीत?"

"कोमाद्रे, ही खाण्यापिण्याची साखर नाही," तो शांतपणे म्हणाला. "पोर गेली त्या दिवसाची आहे. तिचं एवढंच उरलंय माझ्यापाशी. तेही काढून टाकू?"

 

एर्मेलिंदा चुलीपासून उठली. आवाज जरासुद्धा चढवला नाही तिने. "लेकीसाठी मी रडले नाही. पण तुम्ही पन्नाशीचे बाप्ये, तुम्हाला काही पंख फुटायचे नाहीत. तुमच्यामागे मी रडणार. आणि एकदा रडायला लागले, की कुठला थेंब तुमचा नि कुठला तिचा, ते मला निवडता येणार आहे का? भिजेल ती."

फिदेन्सियोने बोटांवरची वाळलेली माती खरवडली. मग फडताळाकडे हात करून म्हणाला, "पाणी दे."

मला एर्मेलिंदाला जवळ घेऊन सांगायचं होतं, रड गं बाई, मी आपलं रीत म्हणून बोलून गेले होते. तेवढ्यात त्याने गोळी जिभेवर ठेवली. माझं ऐकलं असतं, तर त्याने ती थुंकून टाकली असती. मी गप्प बसले.